कंटाळ्याचे शब्द, बुधवारी दुपारी

नेरिमानमावशी गेल्याचं केमालच्या फोनवरून कळलं, तेव्हा मी ऑफिसातल्या एका रटाळ मीटिंगमधून नुकतीच सुटले होते. केमाल हा त्यांचा मुलगा. "मॉम गेली," तो म्हणाला, "काल सकाळी, झोपेतच." सांत्वनाचं ठरलेलं इंग्रजी वाक्य बोलून मी फोन ठेवला. मग लक्षात आलं, आज गुरुवार. म्हणजे मावशी बुधवारी गेल्या... आणि आदल्याच आठवड्यात मी त्यांना "पुढच्या बुधवारी नक्की येते" असं सांगितलं होतं. याला आता सहा आठवडे झाले, पण ते वाक्य काही माझा पिच्छा सोडत नाही.

२००३ साली लग्न करून मी अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आले. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला काम करायची परवानगी नव्हती. प्रशांत सकाळच्या गाडीने न्यूयॉर्कला जायचा आणि नागपुरात कॉलेजच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवणारी मी, दिवसभर खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या मोजायची. मावशी भेटल्या त्या आमच्या इमारतीच्या तळघरात, कपडे वाळवायच्या मशीनसमोर. आत गरगरणाऱ्या चादरीकडे बघत बसल्या होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बोरिंग." पण त्या शब्दाने त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. छातीवर मूठ दाबत त्या तुर्कीत म्हणाल्या, "जानम सिकिलियोर." म्हणजे जीव आवळला जातोय. मी म्हटलं, आमच्याकडे जीव कोंडतो. त्या इतक्या खूश झाल्या की माझी बादली उचलून थेट वरच घेऊन गेल्या. इझमिरहून आलेल्या, विधवा, मुलाशिवाय इथे कुणी नाही. त्यांच्या भाषेत आईच्या बहिणीला आणि कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला एकच हाक मारतात म्हणे. मग मी त्यांना मावशीच म्हणू लागले.

त्यांच्या गावाकडे बायकांचा एकेक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी ती बाई घर आवरून, नटून, चहा-खाऊ तयार ठेवून बसते. ज्यांना यायचं त्यांनी यावं, आमंत्रण नाही, फोन नाही. मावशींचा बुधवार. अमेरिकेत येऊनही तो त्यांनी सोडला नव्हता. फक्त येणारं कुणी नव्हतं. "अगं, फोन करून जा यार," प्रशांत म्हणायचा, "इथे असं डायरेक्ट कुणाकडे जात नाहीत." मी न सांगताच जायचे. लिपस्टिक लावून, घरातच टाचेचे बूट घालून मावशी दार उघडायच्या. छोट्या काचेच्या पेल्यांत काळा चहा, तीळ लावलेली खारी बिस्किटं, आणि मी घ्यायचे तो इंग्रजीचा तास.

तो तास म्हणजे एक गंमतच होती. केमालचं म्हणणं, आईने दुकानात, दवाखान्यात लागणारं इंग्रजी शिकावं. मावशींना हवे होते कंटाळ्याचे शब्द. "मी दिवसभर जे करते, त्याचेच शब्द नकोत का?" त्या विचारायच्या. मग एका वहीत आम्ही यादी केली. 'बोरिंग' हा शेंबड्या पोरांचा शब्द, असा त्यांनी निकाल दिला. 'डल' जानेवारीला दिला, 'टीडियस' व्हिसाच्या फॉर्मना. 'टायरसम' त्यांना फार आवडला. तो त्यांनी आपल्या दिरासाठी राखून ठेवला. तुर्कीतले मला दिले. कंटाळवाणी वस्तू ती सिकिजी. अती झालं, वीट आला, की बिकतिम. तेच तेच करून जीव थकला की उसान्दिम. मी त्यांना 'करमत नाही' दिला. याला इंग्रजी नाही, मी सांगितलं. माणसं, काम, टीव्ही सगळं असतं आणि तरी करमत नाही. बहुतेक वेळा त्यात कुणीतरी नसतं. मावशींनी तो वहीत लिहून घेतला. मग म्हणाल्या, "हा माझा."

२००६च्या शेवटी मला कामाची परवानगी मिळाली आणि एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीही. खरं सांगायचं तर मी हुरळून गेले. पार्किंग, तळघर, ती वही... सगळं मला मागे टाकायचं होतं, आणि त्यात मावशीही मागे पडल्या. जिन्यात, टपालपेटीपाशी भेट व्हायची. आपल्याकडे नाही म्हणायची रीत नाही. निघतानासुद्धा आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. त्याच जिभेने मी म्हणायचे, "पुढच्या बुधवारी नक्की येते हं, मावशी." दीड वर्षात मी गेले जेमतेम चारदा. त्यांनी कधी विचारलं नाही, मला वाटलं, समजून घेतात.

गेल्या महिन्यात केमालला भेटायला गेले. तो सामान खोक्यांत भरत होता. म्हणाला, "दर बुधवारी ती तुझ्यासाठी बेक करायची. मी सांगायचो, मॉम, ती जॉबला जाते, नाही येणार. तर म्हणायची, 'येते म्हणालीय ती.' "

"मग मला फोन का नाही केला?"

"मी म्हटलं होतं करतो. तिने करू दिला नाही. म्हणाली, जिचा दिवस असतो तिने आठवण करून द्यायची नसते. तिने फक्त घरी असायचं."

मी रडले, पण त्याने काही हलकं वाटलं नाही. माझं 'येते' हे नुसतं बोलणं होतं आणि त्यांनी ते खरं धरलं, यात चूक त्यांची नव्हती.

आता बुधवारी मी ऑफिसातून लवकर निघते. समोरच्या इमारतीत पुण्याहून आलेली नवी मुलगी आहे, नेहा. तिलाही अजून कामाची परवानगी नाही. तिला मी सांगून ठेवलं, बुधवारी साडेचारनंतर मी घरीच असते, वाटेल तेव्हा ये. पहिल्या बुधवारी साबुदाण्याच्या खिचडीचा वास घरभर भरला, मी दोन कप काढून ठेवले आणि बसले. सहा वाजता तिचा फोन आला, "सॉरी काकू, आज नाही जमलं. पुढच्या बुधवारी नक्की येते."

"ये गं," मी म्हटलं.

पुढच्या बुधवारी मी पुन्हा दोन कप काढले.