तानाबाईची शिकायची गाडी

तानाबाईचा राग सगळ्या गंगावेशीला ठाऊक. संध्याकाळी ती म्हशी घेऊन दूध कट्ट्यावर उभी राहते, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढते आणि फेसाळता पेला हातात देते. कुणी नुसतं "पाणी न्हाय न्हवं?" असं विचारलं, तरी पेला परत घेते. "समोर उभा हाईस की! डोळं काय घरात ठेवून आलाईस?"

अशा बाईला गॅरेजवाल्यानं बाहेर बाकड्यावर बसवलं. वैरण आणायची तिची व्हॅन सारखी बंद पडायची. चालवायची तीच, पण आत काय बिघडलं ते कुणी दाखवील तर शपथ. ती वाकली की बॉनेट खाली. "वहिनी, तुमास्नी न्हाय कळायचं. चा घ्या." परवा पुन्हा तेच झालं, तेव्हा तिनं चहा गटारीत ओतला आणि घरी येऊन नवऱ्याला, सयाजीला सांगितलं, "एक जुनी, स्वस्तातली गाडी घेणार. दारात लावून खोलणार, जोडणार. वैरणीच्या गाडीवर शिकून जनावरं उपाशी मारू व्हय?"

सयाजी शहाणा, म्हशींना पाणी पाजायला निघून गेला. बोलला तिचा दीर जोतीराम. जनावरांच्या बाजारात दलाली करून त्याचे केस पिकलेले. "गाडी म्हंजे तरी काय, वहिनी? चाकांचं जनावर. सौदा मी करतो."

जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर तानाबाई गाड्यांखाली वाकून बघत होती, तोवर पलीकडं जोतीरामानं राजवीर एजंटाच्या हातावर रुमाल टाकलासुद्धा. बैलाचा भाव असा रुमालाखाली बोटं दाबून ठरतो, चारचौघांना कळत नाही. राजवीरला वाटलं, पावणं हात बघून भविष्य सांगतायत! पण त्याची मान हलली आणि जोतीरामाच्या हिशेबी सौदा झाला.

सौद्यातली गाडी लांबलचक, रंग ताजा. "वहिनी, नवरीगत हाय बघा!"

"सुरू करा."

राजवीर ओशाळला. "मावशी, सुरू न्हाय हुईत. पण तुमाला शिकायचंच हाय न्हवं? शिकायला बंदच बरी."

झालं! अड्डा दणाणला.

"धार काढायला शिकवताना आटलेली म्हस आणतोस काय रं? मरस्तवर सडं ओढली तर हात चुकला का म्हस आटली, कळायचं कसं? चालती गाडी असंल, तर माझ्या हातनं काय बिघडलं ते तरी कळंल!"

"वहिनी, हळू! माझा शब्द गेलाय."

"तुमचा गेलाय न्हवं? मग नवरी तुमीच न्या."

माणसं जमली, कुणीतरी हसलंही. जोतीरामाचं तोंड टोमॅटोसारखं झालं.

तानाबाई तरातरा कोपऱ्यात गेली. तिथं एक डबडं उभं होतं. दाराला गंज, टपावर कावळ्यांची कृपा. तिनं बॉनेटवर तळवा ठेवला. गार होतं. म्हणजे आधी तापवून ठेवलेली नव्हती. "आता माझ्यासमोर सुरू कर."

गाडी खोकली, धूर ओकली, थरथरली आणि लागली एकदाची. बॉनेट उघडल्यावर तानाबाईनं हात घालून बघितला. इंजिनाच्या चारी अंगांना हात फिरत होता, खालची जमीन दिसत होती; खोलायला-जोडायला जागाच जागा.

"हिचं सुटं सामान?"

"कुठल्याबी दुकानात मिळतंय. पण मावशी, खरं सांगतो, तेल गळतंय."

"दिसतंय की. दिसतंय म्हणूनच घेतो."

गाडीत बसायला जोतीराम तयार होईना. तो रागानं बसनं आला. घरी पोचला, तेव्हा तानाबाई पदर खोचून पान्याशी झुंजत होती. प्लग काही हलेना. तो गोठ्याच्या दाराला टेकून बराच वेळ बघत राहिला.

"उलटं फिरवालाईसा," अखेर तो म्हणाला.

"कवाधरनं बघत बसलाईसा?"

"आल्यापासनं."

"मग तोंडाला काय कुलूप लावलतं?"

"भर बाजारात माझं नाक कापलासा, ते?"

"कापलं. परत रुमाल टाकलासा तर परत कापीन!"

तो पुढं आला आणि पाना घ्यायला हात केला. तानाबाईनं तो हात झटकला. "मागं व्हा! जो उठतोय त्यो माझ्या हातातनं काढून घेतोय. तोंडानं सांगा. हात माझाच लागणार."

जोतीरामानं हात मागं घेतला. मग हवेत बोट फिरवून सुलटी दिशा दाखवली. तिनं अंगातला सगळा राग पान्यावर घातला. कर्र झालं आणि काजळलेला प्लग तिच्या तळहातावर आला.

ती कितीतरी वेळ तो उलटासुलटा करून बघत राहिली.

"ह्यो असा असतोय व्हय," ती म्हणाली. "आता गप बसा. दुसरा मी काढतो."