गार झालेला चहा

मुलाचं बोलणं तपासायचं म्हणजे आधी ते गोळा करावं लागतं. समोर भातुकली मांडायची, रेकॉर्डर चालू करायचा आणि मूल आपणहून काय बोलतं ते ऐकायचं. मग एकेक वाक्य उतरवून काढायचं. आया मधेच उत्तरं पुरवतात, म्हणून त्यांना मी आधीच बजावून ठेवते, "तुम्ही काही बोलू नका हं."

आज चार वर्षांची एक मुलगी आली होती. घरीदारी फारसं बोलतच नाही, म्हणून आईने आणलेली. तिने इवल्याशा कपात खोटाखोटा चहा ओतला आणि कप आईपुढे धरला. आईने माझ्याकडे पाहिलं, ओठ मिटून घेतले आणि हात मांडीवरच ठेवले. कप बराच वेळ तसाच धरलेला राहिला. मग मुलीने तो खाली ठेवला आणि ती नुसतेच चमचे मांडत बसली.

बोलणं जणू मुलाच्या आत साठवलेलं असतं आणि आपण ते काढून घ्यायचं, अशा थाटात आम्ही बसतो. पण ते असतं दोघांच्या मधे. समोरच्याने हात पुढे केला नाही, तर ते तिथेच राहून जातं.

रेकॉर्डर बंद करून मी खणात ठेवला. दाराशी आई वाकून मुलीच्या सँडलचे पट्टे लावत होती. तिच्या खांद्यावर हात ठेवून मुलगी म्हणाली, "आई, तू चहा घेतलाच नाहीस. आता तो गार झाला."

"मॅडमनी गप्प बसायला सांगितलं होतं ना गं," आई हळूच म्हणाली.