दीड दिवसाचं दुःख

दहिसरच्या चेकनाक्यापासून भाईंदरच्या खाडीपर्यंत जेवढी माणसं राहतात, त्या सगळ्यांत आमच्या मोठ्या जाऊबाईंइतकं चांगलं हरता येणारं दुसरं माणूस नाही. जिंकणं सोपं असतं. गुलाल आयता मिळतो, ढोल आयते मिळतात, आपण फक्त तोंड हसरं ठेवायचं. हरायला अंगात काहीतरी लागतं. ते जाऊबाईंकडे भरपूर आहे आणि माझ्याकडे अजिबात नाही. मला त्यांचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात तो जागोजागी डोकावणारच. जावेचा हेवा तिच्या पाटल्यांवरून करावा, तिच्या गॅलरीवरून करावा, सासूबाईंनी तिच्या पुरणपोळीला दिलेल्या शाबासकीवरून करावा. ते सगळं माझं यथासांग करून झालं आहे. पण जाऊ हरते किती छान, म्हणून जळणारी बाई साऱ्या महाराष्ट्रात मी एकटीच असेन.

आम्ही दोघी एकाच इमारतीत राहतो. गिरगावातली चाळ सुटल्यावर दोघा भावांनी काही वर्षं जेसल पार्कला भाड्याने काढली आणि मग पूनम सागरला एकाच बिल्डिंगमध्ये दोन फ्लॅट घेतले. त्या दुसऱ्या मजल्यावर, आम्ही चौथ्या. मी त्यांना ताई म्हणते. ताईंनी ज्याला मत दिलं तो आजवर कधीही निवडून आलेला नाही. लोकसभा असो, विधानसभा असो, महापालिका असो, की टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा असो, ताईंचं बोट बटणावर पडलं की समोरच्याच्या घरी पेढे आणायला माणूस निघालाच म्हणून समजावं. महिला मंडळाच्या अध्यक्षपदासाठी एकदा त्या स्वतःच उभ्या राहिल्या आणि एका मताने पडल्या. नंतर कळलं की स्वतःचं मत त्यांनी समोरच्या बाईंना दिलं होतं, त्यांचं जिंकलेलं ते एकमेव मत. मी कपाळावर हात मारला तर म्हणाल्या, "अगं, आपलंच नाव आपणच कसं लिहायचं? बरं दिसतं का?" त्यांची ही ख्याती वॉर्डात इतकी पसरली आहे की मागे एक उमेदवार हात जोडून दारात आला आणि ताईंनी तोंडभरून "तुम्हालाच देणार हो" म्हटल्यावर त्याचा चेहराच उतरला. "मावशी, ऊन फार आहे," तो म्हणाला, "तुम्ही नाही आलात तरी चालेल." ताई भर उन्हात गेल्या. तो पडला.

मत कोणाला द्यायचं, हे त्या जाहीरनामा वाचून ठरवत नाहीत, जात बघून नाही आणि भावोजींना विचारून तर मुळीच नाही. दारात येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच प्रश्न विचारतात: "तुमच्या घरी पाणी किती वाजता येतं?" आमच्या भागात पाणी ही देवासारखी गोष्ट आहे, कधी प्रसन्न होईल सांगता येत नाही. त्यामुळे ज्याला आपल्या घरच्या पाण्याची वेळ पाठ आहे, तो घरात बादल्या भरतो असं ताई मानतात. आणि जो बायकोकडे किंवा कार्यकर्त्याकडे बघतो, त्याच्यावर फुली मारतात. या परीक्षेत जो पास होतो तो नेमका निवडणुकीत नापास होतो, याचं त्यांना जराही नवल वाटत नाही. "बादल्या भरणाऱ्याला प्रचाराला वेळ कुठला?" असं त्या म्हणतात.

निकालाच्या दिवशी बाराएक वाजता चित्र स्पष्ट झालं की ताई टीव्हीवर टेबलक्लॉथ टाकतात, मोबाइल डब्यांच्या कपाटात ठेवतात आणि मऊ खिचडीचा कुकर लावतात. तिथून दीड दिवस सुतक. "गणपतीसुद्धा दीड दिवसाचा चालतो," त्या म्हणतात, "मग आपला उमेदवार काय त्याच्याहून मोठा लागून गेला?" या दीड दिवसात त्या मनसोक्त रडतात. जिंकलेल्याला, त्याच्या पोस्टरवरच्या गॉगलला, त्याच्या भोंग्यावरच्या गाण्याला नावं ठेवतात. भावोजींनाही खिचडीच खावी लागते, त्यांनी मत कोणालाही दिलेलं असो. मात्र एक वाक्य त्या घरात चालत नाही. 'लोक विकले गेले' असं कोणी म्हणालं, की ताई रडता रडता डोळे पुसून उभ्या राहतात. "लोक म्हणजे कोण? नाव सांग. खालची भाजीवाली विकली गेली? वॉचमन विकला गेला? मोजणीत गडबड वाटत असेल तर अर्ज कर, कोर्टात जा, मी सही करते. पण जिन्यात उभं राहून शेजाऱ्यांना चोर म्हणायचं नाही." आणि पुन्हा बसून रडायला लागतात. खाली विजयाची मिरवणूक आली, की याच ताई सुजलेल्या डोळ्यांनी फाटकापाशी जातात आणि हक्काने दोन पेढे मागून घेतात, एक स्वतःला, एक भावोजींना. सुतकात गोड चालत नाही म्हणून ते फ्रीजमध्ये ठेवतात. तिसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावरून अंघोळ झाली, की चहाबरोबर ते पेढे खातात आणि चांगली साडी नेसून, जिंकलेल्याचं प्रचारपत्रक पर्समध्ये घालून बाहेर पडतात.

आपल्या माणसाची पत्रकं सगळेच जपून ठेवतात. ताई समोरच्याची ठेवतात, लाल पेनाने खुणा करून. नव्या नगरसेवकाच्या ऑफिसात हारतुरेवाल्यांची गर्दी असते. त्या गर्दीतून ताई थेट टेबलापाशी जातात आणि म्हणतात, "अभिनंदन. मी तुम्हाला मत दिलेलं नाही. पण आता तुम्ही माझेसुद्धा नगरसेवक, म्हणून आले. हे तुमच्या पत्रकातलं चौथं कलम. गटाराची झाकणं. आमच्या गेटसमोरचं कधी बसवताय?" असं बोलणाऱ्या माणसाशी कसं वागायचं, हे कुठल्याच पक्षात शिकवत नसावेत. तो बिचारा उठून उभा राहतो, पाणी मागवतो. आणि गंमत म्हणजे झाकण बसतं. ज्यांनी त्याच्यासाठी घसा फोडला ते वर्षभर चकरा मारतात आणि ताईंच्या गेटसमोर आठवड्यात माणसं येतात. मी एकदा याचं गुपित विचारलं. म्हणाल्या, "मत दिलेल्याला मागताना लाज वाटते गं, उपकाराची परतफेड मागितल्यासारखं होतं. आपलं तसं काही नाही. आपण मोकळे."

गेल्या महापालिका निवडणुकीत मी ताईंच्याच बाजूने होते. नुसती होते असं नाही. मतदान केंद्राबाहेर आमच्या उमेदवाराच्या टेबलावर बसून सकाळपासून चिठ्ठ्या वाटल्या होत्या. एका शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं काम करतेय, याद्या वाचण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आमचा माणूस सपाटून पडला. ताई खाली खिचडीचा कुकर लावत असतील, त्या सुमाराला माझ्या दारावरची बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या जिग्नाबेन होत्या, हातात पेढ्यांचा बॉक्स.

जिग्नाबेन आणि मी चौदा वर्षं रोज सकाळी सहाला कॉम्प्लेक्सच्या बागेला पाच फेऱ्या मारत होतो. त्यांना कुत्र्यांची भीती, म्हणून कुत्र्यांच्या बाजूने मी. माझं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे डबा त्यांच्याकडून आला. त्यांनी कोणाला मत दिलं, हे मला माहीत होतं आणि माझं त्यांना. त्यांनी हसून बॉक्स पुढे केला. "भाभी, मुँह मीठा करो, चलो." यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं, दिवाळीलाही त्या असाच बॉक्स पुढे करतात. आणि मी म्हणाले, "तुम लोगों का क्या है, तुम लोग तो खुश होंगे ही." त्यांनी विचारलं, "हम लोग मतलब?" मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी फिरायला गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप सोडला. लिफ्टमध्ये जिग्नाबेन दिसल्या की जिना धरला. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाईला असला स्वाभिमान परवडत नाही, पण मी तो दोन आठवडे मिरवला. ताईंचं सुतक केव्हाच फिटलं होतं. पेढे खाऊन झाले होते. एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पाहिलं, तर बागेभोवती जिग्नाबेन चालत होत्या आणि त्यांच्याबरोबर, कुत्र्यांच्या बाजूला, ताई.

ताई! ज्या निवडणूक सोडली तर गुडघ्यामुळे दूध आणायलाही खाली उतरत नाहीत, त्या ताई! आणि माझ्यामागे "भाभी, जल्दी, जल्दी" करणाऱ्या जिग्नाबेन त्यांच्यासाठी मुंगीच्या चालीने चालत होत्या, वर हसत होत्या. चौथ्या मजल्यापर्यंत हसू ऐकू आलं. त्या दिवशी माझा चहा उतू गेला. मत एकच, हार एकच. त्यांना झाकण मिळालं, पेढे मिळाले आणि आता माझी मैत्रीणही मिळाली.

मी हिशोबी बाई आहे. ताईंना जमतं ते मला का जमू नये, म्हणून दुसऱ्याच दिवशी चांगली साडी नेसून मी नगरसेवकाच्या ऑफिसात गेले. आमच्या मागच्या गल्लीतला दिवा बंद होता, तेवढंच निमित्त. टेबलापाशी पोचले आणि ताईंचं ते सुप्रसिद्ध वाक्य ऐनवेळी घशातच अडकलं. त्याऐवजी तोंडातून निघालं, "अभिनंदन हं. आमच्या घरातली सगळी मतं तुम्हालाच." नगरसेवकाने शेजारी बसलेल्या बाईंकडे पाहिलं. बाई माझ्याकडे पाहून गोड हसल्या. "मॅडम, तुम्ही तर समोरच्या टेबलावर चिठ्ठ्या वाटत होता ना? मी बरोबर तुमच्यासमोर बसले होते." तेवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे म्हणाल्या, "आणि तुमच्या जाऊबाई सांगून गेल्यात, आमच्या दोन्ही घरांतून तुम्हाला एकही मत नाही, नोंद करून ठेवा." नगरसेवकाने मला पाणी मागवलं. दिवा अजून बंद आहे.

तशीच रागाने दुसऱ्या मजल्यावर गेले. ताई गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. मी दारातूनच म्हणाले, "आता बरा दिसतोय गुडघा. फेऱ्या मारता येतात म्हणजे."

"कसला बरा! रात्रभर ठणकतो."

"मग जाता कशाला? माझीच मैत्रीण सापडली का तुम्हाला?"

ताईंनी मान वर केली नाही. "तिला एकटीला कुत्री भुंकतात. दोन दिवस घरातच बसली होती ती. कोणीतरी हवं ना त्या बाजूला." थोडा वेळ तेल चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी जागा धरून ठेवलीय, रुमाल टाकून ठेवतात तशी. तू लवकर ये बाई. रुमाल आता फाटायला आलाय."

दुसऱ्या दिवशी सहाला मी खाली उतरले. ताईंनी मला पाहिलं, बाकावर बसल्या आणि चप्पल काढून पाय लांब केले. मी जिग्नाबेनच्या शेजारी, कुत्र्यांच्या बाजूला गेले. तिसऱ्या फेरीला मी म्हणाले, "उस दिन मैंने गलत बोला."

"हाँ," त्या म्हणाल्या. "गलत बोला." त्यांनी माझी समजूत घातली नाही, मीही तशी अपेक्षा केली नाही. थोडं पुढे जाऊन म्हणाल्या, "चौदह साल में मैं 'लोग' कब से हो गयी, भाभी? घर जाके मैं बहुत रोयी." मला विचारावंसं वाटलं, किती दिवस? दीड दिवस का? पण बाकावरून ताई बघत होत्या, आणि मला माहीत होतं, जिग्नाबेनना ते दुःख मीच दिलं होतं, तेव्हा मोजमाप विचारायचा अधिकार माझा नव्हता. पाच फेऱ्या पुऱ्या केल्या.

आता रोज जातो आम्ही. पुन्हा वेगाने चालतो, भाजीच्या भावावर बोलतो, सुनांवर बोलतो, निवडणुकीवरही बोलतो, पण जरा जपून, ओल्या फरशीवरून चालल्यासारखं. ताई गुडघ्यामुळे येत नाहीत. पूर्वी मी जिन्यातून उतरले की जिग्नाबेन काही न बोलता चालायलाच लागायच्या. आता आधी माझ्या मागे जिन्याकडे बघतात आणि विचारतात, "ताई नहीं आये?"

मी म्हणते, "घुटना." आणि आम्ही चालायला लागतो.