आर्डिस गुडघे टेकते

आर्डिस क्वामी चोरून प्रार्थना करते, ही बातमी लव्हॉन ह्रुस्काने मला कॉफीच्या टेबलापाशी सांगितली. इतक्या हळू आवाजात, की आर्डिसने कुणाचा नवरा पळवला असता तरी एवढी काळजी घेतली गेली नसती.

"मागच्या खोलीत. दाराच्या काचेतून पाहिलं मी," लव्हॉन म्हणाली. "गुडघ्यांवर बसलेली. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटतायत. कार्यक्रमाला दहा मिनिटं असताना."

"काहीतरी सांडलं असेल. पुसत असेल."

"डोळे मिटून?"

मी एक बिस्कीट घेतलं. एवढी चांगली बातमी रिकाम्या तोंडाने ऐकू नये.

इतरांकडे बाईचं पाऊल वाकडं पडलं की कुजबुज होते, आमच्या मानवतावादी मंडळात बाईचे गुडघे वाकले की होते. आम्ही देव न मानणारी माणसं. पण मिनेसोटातल्या हिवाळ्यात रविवारी सकाळी करायचं काय, हा प्रश्न देव न मानल्याने सुटत नाही. म्हणून आमच्या आजोबांनी लुथरन पंथाच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांसारखंच सभागृह बांधलं, बाकं मांडली, पियानो आणला. चालीसुद्धा शेजाऱ्यांच्याच. गाण्यांच्या पुस्तकात जिथे जिथे 'प्रभू' होता, तिथे कागदाची पट्टी चिकटवून 'सत्य' केलं, आणि जिथे सत्य बसेना तिथे 'पहाट'.

या सगळ्या गाण्याबजावण्याची प्रमुख आर्डिस. बावीस वर्षं. वीस जणांच्या गायकवृंदात गाता येणारे चार, आणि त्यात मी नव्हतो. तरी तिने मला खर्जात उभं केलं आणि शक्यतो तोंड नुसतं हलवायला शिकवलं. तिला नवरा उरला नव्हता, मूल नव्हतं, मांजरही नव्हतं. तिला रविवार होता. त्या वर्षी मे महिन्यात मंडळाला पंचाहत्तर वर्षं पुरी होणार होती आणि त्या दिवसासाठी तिने स्वतः एक गाणं बांधलं होतं. ते आपण पियानोवर बसून वाजवायचं, बाकी तिला काही नको होतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मी बातमी कुणालाच सांगितली नाही, एका व्हर्लिन टोफ्टेला सोडून. व्हर्लिन मंडळाचा अध्यक्ष, जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेला.

"एकदा पाहिलं म्हणजे काही सिद्ध होत नाही," तो म्हणाला. "तीन रविवार, तीन वेगळे डोळे. नोंदी ठेवायच्या."

"अरे, सरळ विचार ना तिला," मी म्हटलं.

"नियमावलीचं पहिलंच कलम वाच. कुणालाही त्याच्या श्रद्धेबद्दल विचारायचं नाही. तो तिचा अपमान होईल."

"मग काढायचं कसं?"

"न विचारता."

तर आम्ही तिघे पाळीपाळीने त्या काचेला नाक लावून उभे राहिलो. माझी नोंद अजून आहे: '९.४८. खिडकीकडे तोंड, गुडघे टेकलेले. हात पुढे, जुळलेले. ओठ हलतात. ९.५६ ला उठली. उठताना भिंत धरली.' तीन रविवारी तेच. व्हर्लिन खूश झाला. बेडूक कापतानाही तो असाच खूश व्हायचा म्हणतात.

पुरावा आणखीही होता. "पूर्वी उड्या मारत वाजवायची," लव्हॉन म्हणाली. "आता बघावं तर सगळं संथ. प्रेत निघाल्यासारखं. हे आलं कुठून? चर्चमधून."

खरं होतं. वर्षभरात तिने वेगाची गाणी एकेक करून गाळली होती. पण त्या हिवाळ्यात आम्ही गायचोही कोट घालून. पृथ्वी वाचवायची म्हणून सभागृह साठ अंशांच्या वर तापवायचं नाही, असा ठराव झाला होता. फॅरनहाइट बरं का, म्हणजे बोलताना वाफ दिसायची तेवढी बाकी. मागच्या खोलीतल्या हीटरला मात्र सूट होती, नाहीतर नळ गोठले असते. तो ठराव माझा, एकमताने पास झालेला. मला त्याचा अभिमान होता.

फेब्रुवारीत आम्ही आर्डिसला बैठकीला बोलावलं. आमच्यात कुणाला काढत नाहीत. भार हलका करतात.

"बावीस वर्षं फार झाली, आर्डिस," व्हर्लिन म्हणाला. "तुझा भार हलका करावा असं सगळ्यांना वाटतं."

"मला भार वाटत नाही, व्हर्लिन."

"ते तुझ्या स्वभावाला शोभतंच."

"मेपर्यंत तरी राहू दे."

"नवी सुरुवात मेच्या आधी झालेली बरी. तुझं गाणं होईल की. गॉर्डी वाजवेल."

गॉर्डी म्हणजे निवृत्त पोस्टमन. गिटार वाजवायचा.

"ते पियानोचं आहे," आर्डिस म्हणाली. मग आमच्या प्रत्येकाकडे बघून तिने विचारलं, "माझं काही चुकलं का?"

मी कपात बघत बसलो.

"इथे कुणी कुणाचं चूक-बरोबर ठरवत नाही," व्हर्लिन म्हणाला.

मार्चमध्ये निरोपाचं जेवण झालं. जो तो घरून एकेक पदार्थ घेऊन आला. सात जणांनी बटाटे आणले, सातही सारखेच. आम्ही तिला रिबिनीची घट्ट गाठ मारलेली पेटी दिली. तिने गाठीला दोनदा हात लावला आणि पेटी तशीच पिशवीत टाकली.

"माज बघ," लव्हॉन माझ्या कानात म्हणाली.

मेमध्ये गॉर्डीने तिचं गाणं वाजवलं. त्याला चार सूरमेळ यायचे. गाण्याला अकरा लागत होते, म्हणून निम्मं कापलं. आर्डिस शेवटच्या बाकावर कोटाच्या खिशात हात घालून बसली होती. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, तिचे हात काही बाहेर आले नाहीत. आपल्याच गाण्याला टाळी नाही, हे मी कॉफी संपायच्या आत अकरा जणांना सांगितलं.

त्यानंतर ती आली नाही.

ऑक्टोबरमध्ये तिच्या स्वरलिपीच्या वह्या द्यायला मी तिच्या घरी गेलो. दार उघडायला तिला वेळ लागला. काचेतून दिसलं, दाराची मूठ दोन्ही तळव्यांमध्ये धरून तिने ती फिरवली. घर भट्टीसारखं तापलेलं. तिची बोटं मी पहिल्यांदाच नीट पाहिली. आल्याच्या तुकड्यांसारखी वेडीवाकडी झाली होती. टेबलावर आमची पेटी, गाठ तशीच.

"उघडली नाहीस?"

"तू उघड."

आत चांदीची पिन निघाली. 'सत्याच्या शोधात बावीस वर्षं', असं कोरलेलं.

"लावून देऊ?"

"नको."

मी वह्या ठेवल्या, पण पाय निघेना. "आर्डिस, आम्हाला वाटलं, तू..."

"ठाऊक आहे. दाराच्या काचेवर तुमच्या नाकांचे डाग पडायचे. मीच पुसायची."

"मग बोलली का नाहीस?"

"बोटांचं सांगितलं असतं तर त्याच दिवशी पियानोवरून उठवलं असतंत. प्रार्थना समजलात तर निदान विचारणार तरी नाही, कलम आहे तसं. म्हटलं, मेपर्यंत निभेल."

मी लव्हॉनला काही सांगितलं नाही. एवढी एकच बातमी मी आजवर स्वतःजवळ ठेवली. लव्हॉन गेली, व्हर्लिनही गेला, म्हणून आता सांगतो.

आर्डिस प्रार्थना करत नव्हती. तिला संधिवात होता. सभागृह थंड असायचं, त्यामुळे कार्यक्रमाआधी ती खिडकीखालच्या हीटरसमोर गुडघे टेकून, पाचशेपर्यंत आकडे मोजत, बोटं शेकायची.