पूजेत राहिलेला जॅक

मोटर उलटी पडली होती आणि तिची मागची चाकं अजून फिरत होती. खाली दोन माणसं अडकली होती, माझा नवरा आणि आमच्या मालकांचा मुलगा. पाऊस चालूच होता. शर्यतीच्या वाटेच्या कडेला पाणी जायला चर खणलेला होता. तो तुडुंब भरला होता आणि मोटर त्यातच जाऊन पडली होती. पंधरा-वीस पुरुष तिला उचलायला धावले. काळ्या मातीत त्यांचे पाय रुतत होते, ओल्या पत्र्यावरून हात सुटत होते. मोटर वीतभर वर यायची आणि परत खाली बसायची. ती खाली बसली की आतून कण्हण्याचा आवाज यायचा. तो आवाज कुणाचा, हे मला ओळखू येत होतं.

"जॅक काढा, जॅक!" कुणीतरी ओरडलं. "ह्याच गाडीत असेल की, सीटखाली!"

सीटखाली जॅक नव्हता. तो आमच्या घरी देवीपुढं पाटावर होता. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, झेंडूची माळ घातलेली होती. मीच तो तिथं ठेवला होता.

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. लिहायची सवय नाही. पण देवळात बायका आपापले अनुभव सांगतात, तेव्हा मलाही विचारतात आणि मी दर वेळी विषय बदलते. आता वय झालं. सांगायचं तर सरळ सांगून टाकावं, म्हणून लिहिते.

माझे यजमान सोलापुरात एका कापड व्यापाऱ्याकडे मोटर चालवायला होते. मालकांना शर्यतीचा नाद. त्यांनी एक तांबडी विलायती मोटर घेतली होती. दोनच माणसांची, वर छत नाही, नाक हे लांब. ती चालू झाली की गल्लीतल्या कोंबड्या छपरावर चढायच्या. गावाबाहेर घोडे पळवायचं जुनं मैदान होतं. तिथल्या गोल मुरमाड वाटेवर वर्षातून एक-दोनदा हौशी लोक मोटरी पळवायचे. त्या वर्षी सुट्टी बघून त्यांनी नवरात्रातली नवमी धरली. हस्ताचा पाऊस लागून राहिला होता तरी दिवस बदलला नाही.

घट बसायच्या दोन दिवस आधी हे सराव करायला गेले, तेव्हा पहाटे मला बरोबर घेऊन गेले. मालकांना ठाऊक नव्हतं. मी पदर कमरेला घट्ट खोचून बसले. मुरूम भिजून साबणासारखा झाला होता. पहिल्याच वळणावर गाडीचं मागचं अंग एकीकडे जायला लागलं आणि मी कडेचा पत्रा दोन्ही हातांनी आवळला. हे मात्र शांत. त्यांनी ॲक्सिलेटरवरचा पाय थोडा सैल केला, स्टेअरिंग जिकडे गाडी घसरत होती तिकडेच जरासं वळवलं, आणि गाडी आपण होऊन सरळ झाली. म्हणाले, "घाबरून घट्ट धरलं की ती फेकून देते. भरलेली घागर डोक्यावर घेऊन तू चालतेस, तेव्हा घागरीला आवळतेस का?"

मी विचारलं, "आणि ब्रेक?"

"ओल्यावर ब्रेकला पाय लावायचा नाही. ब्रेक दाबला की संपलं."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. नवरात्र मी दर वर्षीच धरत होते, पण त्या वर्षी नऊ दिवस अनवाणी राहिले. रोज रूपाभवानीच्या देवळात चालत जायचे. यांना काही होऊ देऊ नकोस, एवढं एकच मागणं.

नवमीला सकाळी मी हत्यारं मांडली. आमच्याकडे खंडेनवमीला पोटापाण्याची हत्यारं धुऊन, तेल लावून देवीपुढं ठेवतात. मग दसऱ्याला पूजा उठवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. माझ्या माहेरी विळा-कोयतं असायचं, इथं पाने, हातोडी आणि जॅक. हे दारात उभे राहून बघत होते.

"जॅकला पुरणपोळी चालते का विचार बरं," म्हणाले.

"थट्टा नको. मोटरीलाही माळ घातली आहे. आज ती हलवायची नाही."

"अगं, मोटर मालकांची आहे. त्यांनी हलव म्हटलं की हलवायची."

"मग हत्यारं तरी ठेवून जा. ती तुमची आहेत."

जॅकशिवाय हे कधीच गाडी बाहेर काढत नसत. तेवढ्यात रस्त्यावर भोंगा वाजला. मालकांची दुसरी मोटर घेऊन त्यांचा मुलगा स्वतःच बोलवायला आला होता. आम्ही त्यांना धाकटे मालक म्हणायचो. वय बावीस-तेवीस, तोंडाचा पट्टा सदा चालू. दारातूनच ओरडले, "वहिनी, ड्रायव्हरला सोडता, की त्यालाही माळ घालून पाटावर बसवलंय?"

हे हसले. मला म्हणाले, "बरं, हत्यारं राहू देत तुझ्या देवीजवळ." आणि गेले. मला वाटलं, आपण जिंकलो.

शर्यतीत चार मोटरी होत्या. बाकीच्यांनी वजन कमी करायला सगळं सामान उतरवून पलीकडच्या टोकाला मांडवात ठेवलं होतं. धाकटे मालक हट्टानं यांच्या शेजारी बसले. मी बायकांबरोबर वळणाजवळ उभी होते. पहिले दोन फेरे यांनी फार सुरेख मारले. दुसऱ्या मोटरी वळणावर धडपडत, चिखल उडवत जायच्या. आमची तांबडी मोटर यायची, वळणाच्या आधीच तिचा आवाज उतरायचा, ती अंग टाकल्यासारखी वळायची आणि पुढं निघायची. शेजारची एक बाई म्हणाली, "तुझा नवरा मोटर चालवतोय की लोणी कापतोय गं?" खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला.

तिसऱ्या फेऱ्यात पुढची मोटर वळणावर गरगर फिरली आणि वाटेत आडवी उभी राहिली. तिच्यात दोन माणसं होती. यांना बाजूनं जायला जागा नव्हती. तेव्हा यांनी ब्रेक दाबला. मी डोळ्यांनी पाहिलं. आमची मोटर त्या माणसांना न शिवता तिरकी झाली, कडेला गेली आणि चरात उलटली.

आता परत त्या चरापाशी येते. एकजण मांडवाकडे जॅक आणायला पळाला होता, पण मैदान मोठं आणि सगळा चिखल. धाकट्या मालकांचं तोंड पाण्याच्या इतकं जवळ होतं की एक माणूस हातानं त्यांची हनुवटी वर धरून बसला होता. मी देवीला हाक मारली नाही. माझ्या मनात एवढंच आलं की नऊ दिवस तुझ्यासाठी अनवाणी चालले आणि तू मला हे दिलंस.

"सरा की बाजूला! गाडी येऊ द्या म्होरं!"

एक बैलगाडी सरळ मैदानात घुसली होती. पन्नाशीचा शेतकरी, अंगावर घोंगडी, गाडीत विकून उरलेली झेंडूची फुलं. त्यानं उडी मारली, बैल सोडले, मोटरीकडे एकदा बघितलं आणि गाडीचं जूच काढून घेतलं. त्या जुवावर हळदकुंकवाची बोटं उठली होती, मध्ये फुलं बांधली होती. गर्दीतला एकजण म्हणाला, "अहो, पूजेचं जू आहे हे. आज नवमी."

"व्हय. तिचंच हाय. तिच्याच कामाला लावतुय," तो म्हणाला. "बोलत काय उबं ऱ्हायलासा? गाडीतली फळी काडा. हितं खाली टाका, न्हायतर रुतंल समदं."

फळीवर दगड ठेवला, दगडावरून जू मोटरीखाली घातलं आणि दुसऱ्या टोकाला सहाजण लोंबकळले. मोटर उचलली गेली आणि या वेळी वरच राहिली. एकजण आत वाकला तेव्हा मी यांचा आवाज ऐकला. "आधी धाकट्यांना काढा." मला त्या वेळी यांचा राग आला. आजही तो राग मी नाकारत नाही. धाकट्यांना ओढून काढलं, ते निळे पडले होते. मग यांना काढलं. जू मधोमध तडकलं होतं, पण शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत मोडलं नाही.

मालकांची दुसरी मोटर चिखलात येईना. दोघांना बैलगाडीतून सडकेपर्यंत आणलं. मोटरीत एकालाच आडवं करता येत होतं, म्हणून धाकट्या मालकांना नेलं. यांना बैलगाडीतूनच दवाखान्यात न्यायचं ठरलं. यांना मोटरीतून नेलं असतं तर हे लवकर पोचले असते. पण मग मला बरोबर कुणी घेतलं नसतं. मी त्या तासाभराचा हिशोब फार वर्षं करत बसले. आता करत नाही.

त्या माणसानं तडकलेलं जू दोरीनं आवळलं, बैल जुंपले आणि गाडी हळू चालवली. दर खड्ड्याआधी तो बैलांशी कानडीत काहीतरी बोलायचा आणि बैल पाय जपून टाकायचे. मागं त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खाली झेंडूची फुलं होती. यांच्या अंगावर बाहेरून फारशी जखम दिसत नव्हती. छाती मात्र एका बाजूला बसली होती.

मी म्हणाले, "जॅक मी ठेवून घेतला."

यांनी माझा हात चाचपडून धरला. मग म्हणाले, "रुतला असता गं. चिखल बघितलास ना? काही उपयोग नव्हता."

"खरं सांगा."

"खरंच सांगतोय. पदर घे डोक्यावर, भिजतेस."

पुढं नवी पेठेत दसऱ्याच्या बाजाराची गर्दी होती. त्या माणसानं गाडीवर उभं राहून हाका मारल्या आणि लोकांनी वाट दिली. दवाखान्याच्या दारात त्यानं यांना खांद्याला धरून उतरवलं. मी त्याला गावाचं नाव विचारलं. "वळसंग," म्हणाला, आणि "येतू आक्का" म्हणून निघून गेला.

त्यानंतर कितीतरी महिने मी देवीपुढं उभी राहिले नाही. देव्हाऱ्यात दिवा लावायची, पण मान वर करायची नाही. मी यांच्या ओळखीच्या ड्रायव्हर लोकांना गाठून विचारलं. एक म्हणाला, चिखलात जॅक रुतलाच असता. दुसरा म्हणाला, खाली फळी टाकली असती तर चालला असता, आणि धाकटे आणि हे दोघंही लगेच निघाले असते. सांगणारे दोघेही जाणते होते. यांनी मला खरं सांगितलं की माझ्या जिवासाठी सांगितलं, हे मला कळायचा आता काही मार्ग नाही. मी देवीलाही विचारून पाहिलं. मग एका मंगळवारी देवळात हात जोडताना मी मनात म्हणाले, हे तुझ्याजवळ ठेवते, मला पेलत नाही. घरी आले आणि किती दिवसांनी पोटभर जेवले. एवढंच झालं. प्रकाश दिसला नाही, आवाज आला नाही.

देवीला हत्यार बसवून ठेवायचं असतं की कामाला लावायचं असतं, हे मला त्या माणसानं न शिकवता शिकवलं. मी भीतीपोटी पूजा करत होते. त्याची पूजा तशी नव्हती. पुढं मी सूतगिरणीत कामाला लागले. दर खंडेनवमीला हत्यारांना कुंकू लावते, पण शेजारी कुणाला विळी हवी असली तर पाटावरून उचलून देते.

बायका म्हणतात, तो शेतकरी म्हणजे आमचा ग्रामदेव सिद्धेश्वरच रूप घेऊन आला होता. माझा स्वभाव तसा नाही. सहा महिन्यांनी मी वळसंगला जाऊन त्याला शोधून काढलं. माणूसच होता. अंगणात बसून दोरी वळत होता, खोकत होता. त्याच्या बायकोनं मला ताक दिलं. मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही मैदानापाशी कसे?

"डावा बैल अडला की. ह्यो बैल कदी अडत न्हाय. त्या वळणावर जागचा हलंना. हाणला, समजावला, न्हाय म्हंजे न्हाय."

"बैलाचं नाव कशाला घ्येता?" बायको आतून म्हणाली. "तुमास्नीच शर्यत बगायची व्हती."

"बरं बाई, मला बगायची व्हती," तो म्हणाला आणि हसला.

कुणाच्या का इच्छेनं असेना, तो तिथं थांबला होता. देवीनं माणूस पाठवला, एवढं मला पुरतं. मी वाकून त्याला नमस्कार केला. तो गडबडून मागं सरकला. मग त्याची नजर माझ्या मोकळ्या कपाळावर गेली आणि तिथंच थांबली. यांच्याविषयी त्यानं काही विचारलं नाही. दोरी हातातून खाली ठेवली आणि म्हणाला, "आन् त्ये दुसरं? पाण्यात त्वांड व्हतं त्ये तरणं पोरगं?"

"ते जगले," मी म्हणाले.