चाचीने एकच हात भरला

आमच्या भागातल्या बायकांची शिरगणती सरकारने उगाच माणसं लावून केली. बांगडीवाल्या चाचीला चहा पाजून समोर बसवलं असतं, तर इस्लामपूरपासून कृष्णाकाठापर्यंतची एकूण एक बाई तिने बसल्या जागी मोजून दिली असती. फक्त नावं मिळाली नसती. चाचीच्या लक्षात नावं राहत नसत, बांगडीची मापं राहत. मी सव्वादोन, माझी जाऊ अडीच आणि आमच्या सासूबाई पावणेतीन. एकदा भर मांडवात तिने "पावणेतीनच्या आक्का कुठं बसल्यात?" असं विचारलं आणि सासूबाईंनी चार दिवस भात सोडला. मी लग्न होऊन आले तेव्हा तिला 'अहो चाची' म्हणाले, तर "चाचीला कोण आवंजावं करतंय व्हय?" म्हणून तिने माझी बोटंच दाबली. तेव्हापासून आमचं अगं-तुगं.

बोलायला ती तशी फार जपून. बांगडी 'फुटली' हा शब्द तिच्या तोंडून कधी आला नाही, ती नेहमी 'वाढली' म्हणायची. पण एका विषयात मात्र तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि तो विषय म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. आमच्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात. एकदा एस.टी. स्टँडवर पलीकडच्या फलाटावरची बाई दिसताच चाची इकडून ओरडली, "अगं ए अडीच, पिशवीचं तोंड तपासून घेतलंस का?" मधल्या बाकावरच्या एका आजोबांनी घाईघाईने आपली बाजाराची पिशवी उघडून आत डोकावलं आणि म्हणाले, "हाय की. सगळं हाय."

तिची पद्धत साधी होती. बांगड्या भरताना बाईचा हात चाचीच्या हातात, बोटं चेपलेली, मनगटाला साबण. उठून जाणार कुठं? तेवढ्यात चाचीचं सुरू व्हायचं. "तिशी झाली की जायाचंच. काय दुखत नसलं तरी जायाचं, दुखाय लागल्यावर कोणबी जातंय. कापत न्हाईत, टोचत न्हाईत. लोणच्यात घालत्यात तसलं आंबट पाणी लावून बघत्यात. पांढरं दिसलं तर फुडं तपासत्यात." दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी एकदा शिबिरात सांगितलेलं तिला शब्दन्‌शब्द पाठ होतं. कुणी लहान पोरीला घेऊन आलं की बांगड्यांच्या आधी या कर्करोगाच्या लसीची चौकशी. "लेक बारकी हाय अजून," असं एक आई म्हणाली, तर चाची म्हणाली, "बारकी हाय म्हणूनच द्यायची. रोग दारात यायच्या आधी कडी लावायची असती." दवाखान्याकडून हिला बाईमागे काहीतरी मिळतं, अशी गावात बोलवा होती. "मिळतंय की," चाची म्हणायची, "शिव्या."

मी हायस्कूलमध्ये शिक्षिका. पालकसभेत लसीवर भाषण करून मी टाळ्या घेतल्या होत्या, माझ्या मुलीला वेळेवर लसही दिली होती. स्वतःची तपासणी मात्र चाळिशी उलटली तरी केली नव्हती. कधी परीक्षा, कधी निवडणुकीचं काम, कधी पाहुणे. खरं कारण लाज, आणि लाजेच्या खाली भीती. पुतणीच्या लग्नाला घरच्या बायकांना बांगड्या भरायला चाची आली. माझा डावा हात हिरव्यागार बांगड्यांनी भरून झाला आणि तिने विचारलं, "तपासलंस का?"

"या सुट्टीत जाते गं."

"मागल्या सुट्टीतबी हेच म्हणालीस." तिने पेटीचं झाकण लावलं. "उजवा तपासून आल्यावर."

सासूबाई हबकल्या. "अगं चाची, लग्नघर हाय! सवाष्णीचा एक हात भरल्याला आन् एक रिकामा, असं कुठं असतंय व्हय?"

"नसतंय न्हवं? मग धाडा हिला."

तपासणी कशाची, हे सासूबाईंना धड कळलं नव्हतं. पण एका हाताने हळदीला उभी राहिलेली सून त्यांना कुठल्याही रोगापेक्षा भयंकर वाटत होती. "जा बाई, काय दावायचं ते दावून ये," म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला सरकारी दवाखान्यात पिटाळलं.

इतकी वर्षं टाळलेलं काम पाच मिनिटांत संपलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एक पांढरा डाग दिसतोय. कराडला नीट तपासून घ्या. घाबरू नका." मला त्यातलं फक्त 'घाबरू नका' ऐकू आलं आणि मी घाबरले. घरी आले तर चाची सोप्यात बसलेली. तिने कागद मागितला नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि उजवा हात ओढून घेतला. मी हात सारखा आखडून घेत होते, त्यात दोन बांगड्या वाढल्या.

"चाची, चांगलं निघालं नाही गं."

"मी तपास म्हटलं हुतं. चांगलंच निघाय पायजे, असं कुठं म्हटलं हुतं? लवकर घावलंय. घावलं की काढता येतंय."

लग्न उरकल्यावर कराडला दोन खेपा झाल्या. कर्करोग नव्हता, पण तसंच सोडलं असतं तर पुढे होऊ शकला असता. डॉक्टरांनी उपचार करून तेवढीच जागा साफ केली आणि संध्याकाळी मी घरी येऊन भाकरी थापल्या. सासूबाईंनी कुणाला न सांगता चाचीच्या घरी लाडवांचा डबा पाठवला.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दावा साधला तेव्हा चाचीने पेटी विकली आणि मिरजेला लेकीकडे जायचं ठरवलं. निरोप घ्यायला आली तेव्हा मी सहज विचारलं, "चाची, तुझी तपासणी कधी झाली?" "मिरजेला गेल्यावर बघू की," म्हणत चाची चपला शोधायला लागली. दुसऱ्या दिवशी मी तिला रिक्षात घालून नेलं.

दवाखान्याच्या बाकावर ती बराच वेळ पदराशी चाळा करत होती. मग म्हणाली, "थोरली भन हुती माझी. अडीचचा हात. वर्साच्या आत सव्वादोनवर आला. मलाच पयलं कळलं गं, मीच भरायची न्हवं तिला बांगड्या! मी म्हटलं, आपा, लय नाजूक झालीस, सव्वादोनच्या किती झ्याक बसल्या बघ. ती हसली. अंगावरनं जात हुतं, ते सांगितलंच न्हाई तिनं. आन् मी इचारलंबी न्हाई. माझ्या हाताला कळलं तवा लय उशीर झाल्ता."

आतून तिचं नाव पुकारलं, तरी ती उठेना. साऱ्या पंचक्रोशीला आत ढकलणारी ही बाई दाराशी येऊन भ्यायली होती. मी तिच्या दंडाला धरून तिला आत घेऊन गेले. तिचं सगळं स्वच्छ निघालं आणि आठवड्याने ती मिरजेला गेली.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी आता वेळच्या वेळी तपासून येते. यंदाही सगळं ठीक निघालं, तेव्हा घरात कुणाला सांगायच्या आधी चाचीला फोन लावला. तिला हल्ली ऐकू कमी येतं. मी ओरडून "सगळं बरं आहे" म्हणाले, तर ती घाबऱ्या आवाजात विचारायला लागली, "कोण आजारी हाय गं? कोण आजारी हाय?"

"कुणी नाही चाची," मी म्हणाले. "कुणीच नाही."