शालिकरामची पायऱ्यांवरची इंग्रजी

शालिकराम रामटेके सतरा वर्षं आमच्या मिलच्या हापिसात चपराशी. सुताच्या उत्पादनाचे तक्ते त्यानं भिंतीवर टांगायचे, वाचायचे मात्र बाबूंनी. चौऱ्याहत्तर साली तक्ते काढणाऱ्या कारकुनाची जागा निघाली. शालिकराम मॅट्रिक पास, अक्षर मोत्यासारखं. पण अट काय, तर साहेबासमोर तक्त्यावरची चढती-उतरती रेघ इंग्रजीत सांगायची. सूत आम्ही काढायचं, अन् ते कमी निघालं हे इंग्रजीत सांगायचं! मी भडकलोच. माझं इंग्रजी युनियनच्या खोलीत पेपर वाचून वाचून आलेलं. म्हटलं, "चाल गा, मी शिकवतो."

आमच्या इंदोऱ्याच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या पायऱ्यांवर शाळा भरली. एकेक पायरी चढला की ग्रॅज्युअल राइज. दोन-दोन ओलांडल्या की शार्प राइज. थांबला, स्टेडी. धपकन खाली उडी, शार्प फॉल. फ्लक्च्युएट म्हणजे एक वर, एक खाली, पुन्हा एक वर. ते पाहून त्याची बायको सिंधूताई नळावरून ओरडली, "अवो, चढाचं असन तं चढा, नाही तं उतरा! लोकं पाहून राहिले!"

मुलाखतीला युनियनचा माणूस म्हणून मी दारात उभा. साहेबांनी तक्ता पुढं केला, खुर्ची दाखवली. शालिकराम बसला, अन् तोंडातून शब्द फुटेना.

हेडक्लार्क मार्तंडराव गालात हसले. "तक्ते टांगणं वेगळं, शालिकराम."

मी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात तो माझ्याकडं वळून म्हणाला, "भाऊ, इथं पायऱ्याच नाहीत ना!"

मग चपला काढून गडी खुर्चीवर चढला. "जानेवारी, ग्रॅज्युअल राइज, सर." तिथून थेट टेबलावर. "मार्च, शार्प राइज!" मार्तंडराव छताचा पंखा बंद करायला धावले. "एप्रिल टू सप्टेंबर, स्टेडी." टेबलावर तो खांबासारखा उभा. मग धाडकन खाली. "ऑक्टोबर, शार्प फॉल!"

"व्हाय?" साहेबांनी विचारलं.

"दीक्षेचा दिवस, सर. चार दिवस अर्धं खातं दीक्षाभूमीवर. मी बी."

साहेब मार्तंडरावांकडं वळले. "तुम्ही तर तीन वर्षं इथं 'कारण अज्ञात' लिहीत आला आहात."

मार्तंडराव बंद पंख्याकडं बघू लागले.

"बरं, नोव्हेंबर?" साहेब म्हणाले.

शालिकराम पुन्हा खुर्चीकडं निघाला.

"राहू द्या, राहू द्या!" साहेबांनी दौत उचलून छातीशी धरली. "सोमवारपासून कामावर या. अन् काम बसून करा!"